पुडी, पिठलं आणि मधोमध तुटणारी कवळी

वाचकाचं पत्र:

मॅडम, नमस्कार. तालुक्याच्या गावी माझी लहानशी डेंटल लॅब आहे. २२ वर्षं कवळ्या बनवतोय. आमच्या एका डॉक्टरांचे पेशंट आहेत, वय ६८, शेती करतात. वरचे सगळे दात गेलेत, खालचे पुढचे सहा शाबूत आहेत. त्यांची वरची कवळी दीड वर्षात तीनदा मधोमध तुटली. दोनदा मी जोडून दिली. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, आता नवीनच करा आणि त्यात नॅनो झिर्कोनिया (झिर्कोनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड) घाला, परदेशात घालतात, कवळी पोलादासारखी होते. माझा मुलगा बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, त्याने ऑनलाइन १०० ग्रॅमची पुडी मागवली. प्रमाण कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून कवळीच्या ॲक्रिलिक (प्लास्टिक) पावडरीच्या १० टक्के मिसळली. डो (पावडर-लिक्विडचा गोळा) नेहमीसारखा झाला नाही, रवाळ राहिला, म्हणून थोडं लिक्विड वाढवलं. कवळी निघाली ती पांढरट, चुन्यात बुडवल्यासारखी. पॉलिश करताना हातातून निसटली आणि फरशीवर पडून तीन तुकडे झाले. साधी कवळीसुद्धा इतक्या सहज फुटत नाही. माझं चुकलं कुठे? नक्की किती टक्के घालायचं? आणि जमलंच तर 'नॅनो कवळी' म्हणून जास्त पैसे घ्यावेत का?

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात. 'रवाळ राहिला, म्हणून थोडं लिक्विड वाढवलं.' तुमची कवळी तिथेच तुटली होती, फरशीवर ती फक्त आवाज करून तुटली.

घरी पिठलं करताना बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. गुठळ्या होतात. गुठळी बाहेरून शिजलेली दिसते, फोडली की आत कोरडं पीठ. म्हणून जाणती बाई बेसन आधी गार पाण्यात कालवून घेते आणि मग फोडणीच्या पाण्यात सोडते. नॅनो पावडरीचं नेमकं हेच आहे, फक्त हजारपट बिकट. हे कण इतके बारीक असतात की एकमेकांना चिकटून बसणं हा त्यांचा स्वभावच. पुडीत तुम्हाला जी मऊ पांढरी भुकटी दिसते ती सुट्या कणांची नाही, गुठळ्यांची आहे. ती खलात घोटून गुलाबी पावडरीत मिसळली, तरी गुठळ्या बऱ्याच अंशी तशाच राहतात.

आता थोडं गणित करू. तुमच्या मुलाला ते आवडेल. वरच्या एका कवळीला तुम्ही साधारण २४ ग्रॅम पावडर आणि १० मिलिलिटर लिक्विड घेता. त्या पावडरीचा एकेक मणी ५० मायक्रॉनचा धरला, तर २४ ग्रॅम मण्यांचं मिळून पृष्ठफळ होतं सुमारे अडीच चौरस मीटर. एक चटई. तेवढी चटई भिजवायला १० मिलिलिटर लिक्विड पुरतं, हे तुमच्या हाताला २२ वर्षांपासून ठाऊक आहे. आता त्यात १० टक्के, म्हणजे २.४ ग्रॅम झिर्कोनिया टाका. त्याचा कण ४० नॅनोमीटरचा धरला, तर एका ग्रॅमचं पृष्ठफळ २५ चौरस मीटर आणि २.४ ग्रॅमचं ६० चौरस मीटर. साडेसहाशे चौरस फूट! चटई भिजवण्याच्या पाण्यात तुम्ही वन बीएचके फ्लॅटची फरशी पुसायला निघालात. डो रवाळ होणार नाही तर काय होईल?

बरं, मग लिक्विड वाढवलंत. त्याचे दोन परिणाम. हे लिक्विड म्हणजे मोनोमर, आणि तो घट्ट होताना त्याचं आकारमान सुमारे २१ टक्क्यांनी घटतं. नेहमीच्या तीनास एक प्रमाणात तीन भाग आधीच घट्ट झालेले मणी असतात, म्हणून एकूण आकसणं ७ टक्क्यांच्या आसपास राहतं. लिक्विड वाढलं की ते वाढतं. दुसरा परिणाम जास्त वाईट. पूर्ण न शिजलेला मोनोमर कवळीत मागे राहतो आणि ॲक्रिलिकला आतून ढिलं करतो. कवळीच्या साहित्याचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २०७९५-१, ते हीट क्योरमध्ये (उष्णतेने शिजवलेल्या ॲक्रिलिकमध्ये) उरलेला मोनोमर वजनाने २.२ टक्क्यांपर्यंतच चालवून घेतं. सेल्फ क्योरला (न शिजवता आपोआप घट्ट होणाऱ्याला) ४.५ टक्क्यांपर्यंत सूट आहे. तुमच्या त्या कवळीत किती होता देव जाणे.

म्हणजे एकाच कवळीत तीन दुखणी जमली: कोरड्या पोटाच्या गुठळ्या, जास्तीचं आकसणं आणि उरलेला मोनोमर. गुठळी म्हणजे ॲक्रिलिकच्या दृष्टीने एक भोकच. वाकवताना किंवा आपटताना ताण अशा भोकाच्या कडेला गोळा होतो आणि तडा तिथून निघतो. ताकद वाढावी म्हणून घातलेली वस्तू तडा जाण्याची जागा होऊन बसली.

पांढरटपणाचं कारण वेगळं, आणि ते सोपं आहे. ॲक्रिलिकचा वक्रीभवनांक १.४९, झिर्कोनियाचा २.१ च्या पुढे. प्रकाश एकातून दुसऱ्यात शिरताना विखुरतो आणि गुठळ्या जितक्या मोठ्या तितका जास्त विखुरतो. तुमच्या गुलाबी पावडरीत मुळातच चिमूटभर टायटॅनियम किंवा झिंक ऑक्साइड असतं, नाहीतर कवळी काचेसारखी आरपार दिसली असती. तिथे चिमूट आहे, तुम्ही मूठ घातली. सौदी अरेबियात दम्मामच्या विद्यापीठातल्या मंडळींनी २.५, ५ आणि ७.५ टक्के नॅनो झिर्कोनिया घालून पाहिलं. ताणाला टिकण्याची ताकद वाढली, पण पारदर्शकता कमी होत गेली. हे लोक कण नीट तयार करून, तोलून, मिसळून मग घालत होते. त्यांनाही पांढरेपणा चुकला नाही.

'नीट तयार करून' याचा अर्थ सांगते, कारण तुमच्या डॉक्टरांच्या 'परदेशात घालतात' या वाक्यात तोच गाळला गेलाय. झिर्कोनिया आणि ॲक्रिलिक एकमेकांना धरून ठेवत नाहीत. एक खनिज, एक प्लास्टिक. मध्ये दुवा लागतो. तो दुवा म्हणजे सायलेन नावाचं रसायन. पोर्सेलीनच्या दुरुस्तीच्या किटमध्ये छोट्या बाटलीत मिळतं त्याच जातीचं. सायलेनचा एक हात ऑक्साइडच्या पृष्ठभागाला पकडतो आणि दुसरा हात मोनोमरसोबत साखळीत गुंफला जातो. प्रयोगशाळेत कण आधी द्रावकात सायलेनसोबत ढवळतात, वाळवतात, मग मिसळतात. काही जण पावडरीत यंत्राने बराच वेळ घोळवतात, काही जण मोनोमरमध्ये घालून अल्ट्रासाउंडने गुठळ्या फोडतात. पिठल्यासारखं आधी कालवून घेणं, ते हे.

(इथेच एक धोक्याची सूचना. तुमच्याकडे दागिने-भांडी साफ करायचं छोटं अल्ट्रासॉनिक यंत्र असेल, तर त्यात मोनोमरची बाटली ठेवायचा विचारसुद्धा करू नका. मोनोमरची वाफ १० अंश सेल्सियसलाच पेट घेण्याजोगी होते. आपल्याकडे हिवाळ्याच्या पहाटेसुद्धा खोली त्याहून गरम असते.)

किती टक्के घालायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी तुम्हाला एक आकडा दिला तर तो खोटा असेल. मँचेस्टरमध्ये झिर्कोनिया १० टक्क्यांपर्यंत घालून पाहिलं, तेव्हा ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास वाकण्याच्या ताकदीचा सूर जमला. सर्बियात नोवी सादच्या लोकांनी नॅनो सिलिका घेतली आणि सगळ्यात कमी प्रमाण, म्हणजे ०.०२३ टक्के, तेच सगळ्यात चांगलं ठरलं. टक्क्याच्या शंभराव्या भागाची गोष्ट करतोय आपण, वाढवलं तर घसरण. आणि तेहरानमध्ये सेल्फ क्योर ॲक्रिलिकमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड आणि सिलिका अर्धा टक्का आणि एक टक्का घातल्यावर वाकण्याची ताकद चक्क कमी झाली. २०१३ सालचं काम आहे ते. मी वर्गात ते मुद्दाम शिकवायचे, कारण विद्यार्थ्यांना नॅनो म्हटलं की वाढ हे गृहीतच असायचं.

हे आकडे एकमेकांशी भांडत नाहीत. कण वेगळा, त्याचा आकार वेगळा, सायलेन आहे की नाही ते वेगळं, ॲक्रिलिक वेगळं. कण सुटे राहिले तोवर फायदा, गुठळ्या व्हायला लागल्या की तोटा. हे वळण कुठे येतं ते मिसळण्याच्या पद्धतीवर ठरतं. पुडीवर छापलेलं नसतं ते. शिवाय टक्केवारी वजनाची. झिर्कोनियाची घनता ६ च्या आसपास, ॲक्रिलिकची १.१८. वजनाने ५ टक्के म्हणजे आकारमानाने जेमतेम १ टक्का. तुमच्या मुलाने चमच्याने मोजलं असेल तर हिशोब पारच वेगळा निघेल, त्याला विचारून घ्या.

आता 'ताकद' या शब्दाकडे येते, कारण डॉक्टरांनी 'पोलादासारखी' म्हटलं तिथे खरी गफलत आहे. कवळी दोन तऱ्हांनी तुटते. चावताना वाकून वाकून, आणि हातातून बेसिनमध्ये पडून. पहिलीला वाकण्याची ताकद लागते, दुसरीला आघात पचवण्याची. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडक कण घातले की वस्तू कडक होते. कडक वस्तू वाकायला नकार देते, पण आपटल्यावर तो धक्का रिचवायला तिच्याकडे लवचीकपणा उरत नाही. झिर्कोनियाच्या कित्येक चाचण्यांत वाकण्याची ताकद वाढली, पण आघाताची वाढली नाही, काहींत उतरली. आघात सोसणारी कवळी हवी असेल, तर रबराचे सूक्ष्म कण गुंफलेलं हाय इम्पॅक्ट ॲक्रिलिक मिळतं. तिथे युक्ती उलटी आहे. कडक करण्याऐवजी तड्याच्या वाटेत मऊ गाद्या ठेवल्या आहेत. ते कंपनी तयार करूनच देते, तुम्हाला काही मिसळावं लागत नाही.

आणि आता ते गणित, ज्यासाठी मी हे सगळं उत्तर लिहायला घेतलं.

मानकातली चाचणी अशी: ६४ मिलिमीटर लांब, १० रुंद, ३.३ जाड अशी ॲक्रिलिकची पट्टी घ्यायची, ५० मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवायची आणि मधोमध दाबायचं. हीट क्योरला किमान ६५ मेगापास्कल निघाले पाहिजेत. साध्या भाषेत, मधोमध साडेनऊ किलोच्या आसपास भार पेलला पाहिजे. या सूत्रात साहित्याची ताकद एकदाच गुणली जाते, जाडी मात्र दोनदा. जाडीचा वर्ग. समजा तुम्ही सगळं अगदी मँचेस्टरसारखं केलं आणि नॅनोने ताकद २० टक्क्यांनी वाढवली. तेवढीच वाढ हवी असेल तर २ मिलिमीटरचा तालू २.२ मिलिमीटर करा, झालं. ०.२ मिलिमीटर. पॉलिशच्या चाकावर तुमच्या हातून याहून जास्त उडत असेल. २ चा २.५ केलात तर भार पेलण्याची ताकद ५६ टक्क्यांनी वाढते आणि त्याला कुठलीही पुडी लागत नाही.

अर्थात तालू मनमानी जाड करता येत नाही. जिभेला जागा लागते, 'स' आणि 'श' बोलताना पेशंट अडखळतो, काहींना उमळतं. पण मी कॉलेजात मधोमध तुटून आलेल्या कवळ्या कॅलिपरने मोजायला लावायचे, तेव्हा एकाच कवळीत कडेला ३ मिलिमीटर आणि तालूच्या मध्यात सव्वा असे आकडे निघायचे. वॅक्सअप (मेणाचा नमुना) बरोबर असायचं, ट्रिमरने खाल्लेलं असायचं. तुमच्याकडे ते तीन तुकडे अजून असतील. आधीच्या तुटक्या कवळीचेही असतील तर फारच छान. मधल्या रेषेवर पाच ठिकाणी जाडी मोजा.

मोजताना तुटलेली कड भिंगाखाली बघा. वरच्या कवळीला ओठाच्या मधल्या फ्रीनमसाठी (ओठ हिरडीला जोडणाऱ्या पट्टीसाठी) पुढे जी खाच असते, तडा बहुतेक वेळा तिथून सुरू होतो. खाच टोकदार, इंग्रजी व्हीसारखी असेल, तर ताण त्या टोकावर एकवटतो. कापडाला कात्रीने छोटा काप दिला की पुढे ते हाताने फाटतं, तसं. खाच गोलसर असावी आणि आतून पॉलिश केलेली असावी. ट्रिमरने खणून तशीच सोडलेली खाच म्हणजे कवळी कुठून तुटायची ते आधीच आखून दिल्यासारखं. कडेचा काही भाग चहाने किंवा मिस्रीने काळवंडलेला आणि बाकीचा स्वच्छ दिसला, तर समजा की काळा भाग आधीच कधीतरी तडकलेला होता. कवळी एका घासाला तुटलेली नाही, महिनोन्महिने तुटत होती.

महिनोन्महिने का? इथे तुमची लॅब संपते आणि डॉक्टरांचं काम सुरू होतं, पण तुम्ही हे त्यांना विचारू शकता. तुमच्या पेशंटच्या वर पूर्ण कवळी आणि खाली पुढचे सहा नैसर्गिक दात. ही जोडी बदनाम आहे. अमेरिकेतल्या एल्सवर्थ केली यांनी १९७२ मध्ये तिच्यावर लिहिलं तेव्हापासून प्रत्येक दंतवैद्य ती परीक्षेपुरती तरी वाचतो. खाली मागे आधार नसेल, किंवा पार्शल (गेलेल्या काही दातांपुरती कवळी) असूनही खाली बसत गेली असेल, तर माणूस पुढच्या दातांनीच चावतो. वरची कवळी पुढे ढकलली जाते, पुढचं हाड झिजतं, हिरडी लिबलिबीत होते. मग कवळी तालूच्या मधल्या कडक हाडावर तराजूच्या दांडीसारखी डुलते. प्रत्येक घासाला थोडी वाकते, सुटते, पुन्हा वाकते. तार उलटसुलट वाकवून तोडतो आपण, तसं. त्यावर पुडी चालत नाही. डॉक्टरांना विचारा: खाली पार्शल आहे का, आणि ते ती घालतात का? (शेतकरी माणूस, खिशात ठेवत असतील.) तालूच्या मधल्या हाडावर रिलीफ (कवळी टेकू नये म्हणून मोकळी जागा) दिला होता का? कवळी आतून ढिली झाली आहे, तर रिलाइन (आतून नवा थर) कधी केली? दात लावताना खालच्या सहा दातांचा मार वरच्या पुढच्या दातांवर थेट बसत नाही ना, हे आर्टिक्युलेटरवर (जबड्याची हालचाल दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहिलं का?

दोनदा जोडून दिली म्हणता. त्याबद्दल तुम्हाला दोष नाही, पेशंट दारात उभा असतो. पण सेल्फ क्योरने जोडलेली कवळी मूळ हीट क्योरपेक्षा कमजोरच असते, मानकातसुद्धा सेल्फ क्योरला किमान ६० मेगापास्कलचीच अट आहे. जोडताना कडा नुसत्या समोरासमोर ठेवून मध्ये ॲक्रिलिक भरू नका, दोन्ही बाजूंना ४५ अंशात उतार द्या, म्हणजे सांध्याचं क्षेत्र वाढतं. आणि कडांना आधी मोनोमर लावा. गंमत म्हणजे नॅनो झिर्कोनियाने दुरुस्तीच्या सांध्यालाही बळ येतं, हे दम्मामच्याच लोकांनी २०१६ मध्ये दाखवलंय. पण पुन्हा तेच, सायलेन लावलेले कण, तोललेलं प्रमाण.

या पेशंटसाठी मी काय सुचवेन? कास्ट कोबाल्ट क्रोमचा (ओतीव धातूचा) तालू, परवडत असेल तर. पातळ, मजबूत, आणि चहा गरम आहे की नाही ते कळतं. ते जमत नसेल तर हाय इम्पॅक्ट ॲक्रिलिक, नाहीतर पुढच्या भागात ग्लास फायबरची जाळी. जाळी घालताना ती तालूच्या मध्यावर नुसती टाकू नका, ताणाची बाजू पुढच्या खाचेकडे असते, तिथे मोनोमरने भिजवून बसवा. कोरडी जाळी घातलीत तर पुन्हा पिठल्याची गुठळी.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मला शंका आहे. क्युरिंग (ॲक्रिलिक शिजवणं) कसं करता? बऱ्याच ठिकाणी घाईत फ्लास्क (कवळीचा साचा असलेला डबा) थेट उकळत्या पाण्यात जातो. मोनोमर १००.३ अंशाला उकळतो. जाड भागात शिजतानाची स्वतःची उष्णता मिळून तो त्याच्या पलीकडे जातो आणि आत बुडबुडे राहतात. ७४ अंशावर दीड-दोन तास, मग १०० अंशावर तासभर, आणि फ्लास्क आपोआप गार होऊ द्यायचा. किंवा रात्रभर ७४ अंशावर ठेवा, वीज टिकली तर. तुमच्या कंपनीची पावडर झटपट शिजणारी असेल तर तिच्या डब्यावर जे लिहिलंय ते पाळा, माझं नको.

पैशांचं. 'नॅनो कवळी' म्हणून जास्त पैसे घेऊ नका. तुम्ही स्वतः अंदाजाने मिसळलेली पूड पेशंटच्या तोंडात दहा-दहा तास राहणार आहे. ती तोंडासाठी म्हणून विकलेली नव्हती, तिची शुद्धता तुम्हाला माहीत नाही, आणि ॲक्रिलिकच्या कंपनीने दिलेली हमी त्या क्षणी संपली. उद्या पेशंटची हिरडी सुजली तर डॉक्टर तुमच्याकडे बोट दाखवणार, कारण पुडी तुमच्या मुलाने मागवली. त्यापेक्षा 'जाडी मोजून, खाच गोल करून, हळू शिजवून दिलेली कवळी' याचे दोन पैसे जास्त घ्या. ते तुमच्या हक्काचे आहेत.

कवळीच्या साहित्यावरून लोकांनी याहून मोठे घोटाळे केलेत म्हणा. ॲक्रिलिक आलं १९३७ मध्ये, वॉल्टर राइट यांनी त्याचा वापर मांडला. त्याआधी व्हल्कनाइट नावाच्या कडक रबराच्या कवळ्या असत. त्या रबराच्या कवळ्यांचं पेटंट ज्या कंपनीकडे होतं, ती अमेरिकेतल्या दंतवैद्यांकडून परवान्याची फी वसूल करायची आणि न देणाऱ्यांवर खटले भरायची. शेवटी १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युअल चाल्फंट नावाच्या एका दंतवैद्याने कंपनीच्या खजिनदाराला, जोसाया बेकनला, गोळी घालून मारलं. तेव्हा जादा आकारणीच्या बाबतीत थोडं जपूनच.

उरलेल्या पुडीचं काय? तिचा डबा घट्ट बंद करा आणि पंख्याखाली उघडू नका. हे कण नाकातून थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचण्याइतके बारीक असतात, रुमाल बांधून ते अडत नाहीत. ती कवळी ट्रिम करताना उडालेली धूळही श्वासात गेलीच असणार. एन-९५ मास्क आणि चाकाजवळ धूळ ओढणारा पंखा या दोन गोष्टी साध्या ॲक्रिलिकलाही हव्यात, हे मी प्रत्येक लॅबवाल्याला सांगते आणि प्रत्येक जण 'हो मॅडम' म्हणतो.

आणि मुलाला एक काम द्या, पुडी न उघडता होणारं. साध्या गुलाबी ॲक्रिलिकच्या त्या मापाच्या पट्ट्या करायला सांगा, ६४ बाय १० बाय ३.३. पाच पट्ट्या मोजून तीनास एक प्रमाणात, हळू शिजवून. पाच तुमच्या नेहमीच्या हाताने, लिक्विड अंदाजाने घालून, नेहमीच्या घाईत. सगळ्या ओल्या पॉलिश पेपरने सारख्या घासायच्या, दोन दिवस कोमट पाण्यात बुडवून ठेवायच्या. दोन टेबलांच्या कडा ५० मिलिमीटर अंतरावर आणून त्यावर पट्टी ठेवायची, मधोमध दोरीने रिकामी बादली अडकवायची, खाली पोतं टाकायचं, डोळ्यांना चष्मा लावायचा आणि मगाने सावकाश पाणी ओतत राहायचं. बादलीचं वजन धरून साडेनऊ लिटरच्या आत तुटली तर ती पट्टी नापास. कोणती पट्टी किती लिटरला तुटली ते वहीत लिहून मला पाठवा. तुटक्या कवळीची पाच ठिकाणची जाडीही त्याच पानावर लिहा, आणि खाचेचा एक जवळून काढलेला फोटो.